हावडा पूल : नदीच्या मालकाने बांधलेला रस्ता

हुगळीच्या पूर्व काठावर कोलकाता, पश्चिम काठावर हावडा. महापालिका वेगळ्या, जिल्हे वेगळे आणि मध्ये जेमतेम अर्धा किलोमीटर पाणी. या पाण्यावर पूल होऊ शकतो का, याची पाहणी करायला बंगाल सरकारने १८६२ साली सांगितलं. कायमचा पूल वाहतुकीला खुला झाला ३ फेब्रुवारी १९४३ रोजी. मधली ८१ वर्षं गेली कुठे, एवढाच या प्रकरणाचा प्रश्न आहे.

सरधोपट उत्तर तयार असतं: नदीच्या तळाशी खोलवर गाळ, पाया लागेना, म्हणून उशीर. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. याच हुगळीवर शहराच्या वरच्या अंगाला १८८७ साली रेल्वेचा ज्युबिली पूल उभा राहिला. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बाली आणि दक्षिणेश्वर यांच्यामध्ये विलिंग्डन पूल झाला, तोही पात्रात चक्क खांब रोवून. आज त्याला विवेकानंद सेतू म्हणतात. म्हणजे नदी तीच, गाळही जवळपास तोच, आणि तरी वर पूल होत होते. हावड्यासमोर होत नव्हता. दोन्ही ठिकाणांमधला खरा फरक बंदराचा होता. कोलकात्यासमोरची हुगळी पोर्ट कमिशनर्सच्या, म्हणजे बंदराचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या, ताब्यात होती आणि पूल बांधायची जबाबदारीही त्यांच्याच गळ्यात पडली. ज्याचं पोट जहाजांवर, त्यालाच रस्ता बांधायला सांगितलं होतं.

स्टेशन चुकीच्या काठावर

१५ ऑगस्ट १८५४ रोजी ईस्ट इंडियन रेल्वेची पहिली गाडी हावड्याहून हुगळीला गेली. राजधानी पूर्वेच्या काठावर आणि तिचं मुख्य स्टेशन पश्चिमेच्या काठावर, असा हा कारभार. रूळ उत्तर हिंदुस्थानाकडे जायचे होते, त्यासाठी पश्चिमेचाच काठ सोयीचा. मग कोलकात्याच्या प्रवाशाने आर्मेनियन घाटावर तिकीट काढायचं, रेल्वेच्या बोटीने नदी ओलांडायची आणि पलीकडे गाडीत बसायचं. बोटीचं भाडं तिकिटातच धरलेलं असे. १८७० साली जबलपूरमार्गे मुंबई ते कलकत्ता सलग लोहमार्ग जोडला गेला तेव्हा त्याचं केवढं कौतुक झालं. पण मुंबईहून निघालेला माणूस खरं तर हावड्यालाच उतरत होता. अर्ध्या हिंदुस्थानाची रुंदी रुळांवरून पार करून शेवटचा अर्धा किलोमीटर बोटीने.

मराठी माणसाला या काठाची एक जुनी ओळख आहे, फारशी मिरवण्यासारखी नसली तरी. १७४०च्या दशकात नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या तेव्हा पश्चिम काठावरच्या लोकांनी नदीपलीकडे पळून जाऊन आसरा घेतला. कोलकातेकरांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो ‘मराठा डिच’ म्हणून नकाशावर राहिला. घोडदळाच्या आणि शहराच्या मध्ये खरी आडवी होती ती नदी. बंगाली घराघरांत ‘बर्गी’ (म्हणजे हेच मराठा घोडेस्वार) हा शब्द अजून लहान मुलांना भिवविण्यासाठी वापरतात, हे तिथे गेलेल्या मराठी पाहुण्याला केव्हा ना केव्हा ऐकावं लागतंच.

तरंगता पूल

१८६२ची पाहणी केली ती ईस्ट इंडियन रेल्वेचे मुख्य अभियंता जॉर्ज टर्नबुल यांनी. त्यांचा निष्कर्ष सरळ होता: कोलकात्यासमोर चिखल इतका खोल आहे की पाया भलताच महाग पडेल, शिवाय जहाजांना अडथळा होईल. पूल बांधायचाच तर शहराच्या उत्तरेला बाराएक मैलांवर पलता घाटाशी बांधा, तिथे पात्राखाली थोड्याच खोलीवर घट्ट चिकणमाती लागते. अभियंता म्हणून सल्ला बिनचूक. पण बाजारपेठ आणि स्टेशन जोडायचं म्हणून ज्याला पूल हवा आहे, त्याला बारा मैल लांबचा पूल काय कामाचा? तो बेत बारगळला.

मग १८७१ साली हावडा पुलाचा कायदा झाला आणि अभियंता सर ब्रॅडफर्ड लेस्ली यांच्याशी करार झाला तो तरंगत्या पुलाचा. लोखंडी तराफे पाण्यावर, त्यांवर रस्ता. भाग इंग्लंडमध्ये तयार होऊन जहाजाने आले आणि इथे जोडले गेले. काम चालू असतानाच २० मार्च १८७४ च्या चक्रीवादळात ‘एजेरिया’ नावाची आगबोट नांगर तोडून सुटली आणि थेट पुलावर आदळली. तीन तराफे बुडाले, जवळजवळ २०० फूट पूल मोडला. तरीही त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला तो खुला झाला. खर्च २२ लाख रुपये. लांबी १,५२८ फूट, रुंदी ६२ फूट, त्यात दोन्ही कडांना सात-सात फुटांच्या पायवाटा. १८७९ सालच्या ऑगस्टपासून त्यावर विजेचे दिवे लागले. वीज मल्लिक घाटाच्या पंपघरातल्या डायनामोची. त्या काळी आपल्याकडच्या बहुतेक शहरांत रस्त्यावर तेलाचे दिवेच होते.

तरंगत्या पुलाचं गणित समजून घेतलं तर बंदराने तो का पत्करला हे कळतं. त्याला पाया लागत नाही, म्हणून गाळाची चिंता नाही. आणि मुख्य म्हणजे तो मधून सोडता येतो. जहाज आलं की मधले तराफे बाजूला सारायचे, जहाज गेलं की परत जोडायचे. तोवर दोन्ही काठांवर माणसं, बैलगाड्या, घोडागाड्या ताटकळत उभ्या. १९०६ पर्यंत हे उघडणं दिवसाढवळ्या चाले, म्हणजे नेमकं रहदारीच्या वेळी. त्या वर्षापासून समुद्रगामी आगबोटी सोडून बाकी सगळ्यांसाठी पूल रात्री उघडू लागला; आगबोटी दिवसाच जात राहिल्या. नियमात ‘समुद्रगामी आगबोटी सोडून’ हे शब्द होते, यावरून कोणाचा शब्द वरचढ होता ते उघड आहे.

दुसरी अडचण भरती-ओहोटीची. हुगळी इथे समुद्राचं ऐकते. पाणी चढलं की तराफे चढायचे, उतरलं की उतरायचे, आणि काठ मात्र जागच्या जागी. त्यामुळे काठाकडच्या टोकांना रस्त्याचा उतार दिवसभर बदलत राही. ओहोटीला तागाच्या गाठी लादलेली गाडी त्या चढावरून ओढणाऱ्या बैलाला वेळापत्रकात कोणी विचारात घेतलं नव्हतं.

सहा पर्याय आणि पुन्हा तोच

१९०६ साली पोर्ट कमिशनर्सनी समिती नेमली. रेल्वेचे मुख्य अभियंता हायट आणि महापालिकेचे मुख्य अभियंता मॅकेब तिच्यात होते. त्यांनी सोळा दिवसांची रहदारी मोजली. सर्वांत गर्दीचा दिवस २७ ऑगस्ट. त्या दिवशीच्या वाहनांत तेरा भागांतले आठ भाग बैलगाड्या होत्या. ही नोंद मला या सगळ्या कागदपत्रांतली सर्वांत बोलकी वाटते. रस्ता ४८ फूट रुंद, काठाजवळ ४३ फूट, आणि निम्म्याहून अधिक वाहनं बैलाच्या चालीने चालणारी. मागच्या घोडागाडीतला साहेब कितीही घाईत असो, पुलाची गती बैल ठरवत होता.

समितीपुढे सहा पर्याय होते: मोठ्या फेरीबोटी, माणसं-गाड्या टांगत्या पाळण्यातून पलीकडे नेणारा पूल, नदीखालचा बोगदा, खांबांवरचा पूल, तरंगता पूल आणि कमानीचा पूल. बत्तीस वर्षं तरंगत्या पुलाचा जाच सोसल्यावर समितीने निवडला तो पुन्हा तरंगताच, फक्त मोठा. खर्चात तो खांबांच्या पुलाच्या कितीतरी खाली येत होता, हे एक कारण. जहाजांसाठी तो उघडता येत होता, हे दुसरं. २३ कंपन्यांकडून निविदा मागवल्या, तीन हजार पौंडांचं बक्षीस जाहीर झालं, म्हणजे तेव्हाच्या दराने ४५ हजार रुपये. तेवढ्यात १९१४ चं महायुद्ध आलं आणि सगळं फायलीत गेलं. जुन्या पुलाची १९१७ आणि १९२७ साली डागडुजी झाली आणि तो रेटत राहिला.

इथे समितीला हसायचा मोह होतो, पण तिच्यापुढच्या अटी पाहिल्या तर दुसरं काही निघणारच नव्हतं. पुलाची गरज कोणाला, याची मोजणी बैलगाडीपर्यंत झाली. पुलाला नकाराधिकार कोणाचा, हे मात्र मोजणीआधीच ठरलेलं होतं.

खांब का नकोत

युद्धानंतर १९२१ साली सर राजेंद्रनाथ मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखाली नवी समिती बसली. व्हिक्टोरिया मेमोरियल बांधणाऱ्या मार्टिन कंपनीचे हे भागीदार, म्हणजे बांधकामातले जाणते. अभियंता सर बॅसिल मॉट यांनी एकाच गाळ्याची, म्हणजे मध्ये खांब नसलेली, कमान सुचवली. १९२२ साली आयोग, १९२६ साली नव्या हावडा पुलाचा कायदा. मग १९३० मध्ये गुड समिती, खांबांचा पूल होऊ शकतो का ते पुन्हा तपासायला. समित्यांची ही माळ आपल्याला परकी नाही. आपल्याकडच्याही कितीतरी पुलांची कुंडली अशीच निघते.

खांबांना विरोध हा नुसता हट्ट नव्हता. भरती-ओहोटीच्या, गाळ वाहणाऱ्या नदीत खांब रोवला की दोन गोष्टी होतात. खांबांच्या मधल्या मोकळ्या जागेत पाणी जोर धरतं आणि तळ खरवडतं, आणि खांबाच्या पाठीमागे पाणी मंदावून गाळ टाकतं. आज इथे खड्डा, उद्या तिथे गाळाचा दांडा. हुगळीच्या बंदराचं सारं आयुष्य गाळ उपसण्यात गेलं, आणि पुलाच्या लगेच खालच्या अंगाला त्यांचे धक्के. वर बालीला खांब चालले, कारण तिथला दांडा बंदराच्या दारात येत नव्हता.

पण मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली होती, आणि माझ्या मते कोंडी तिनेच फुटली. १८९२ मध्ये शहराच्या दक्षिणेला खिदिरपूरची गोदी सुरू झाली. १९२०च्या दशकाच्या अखेरीस आणखी खाली किंग जॉर्ज गोदी आली. मोठी जहाजं आता पुलाच्या जागेपर्यंत यायच्या आधीच गोदीत वळत होती. आताच्या पुलाखाली मोकळी उंची सुमारे २९ फूट आहे. त्यातून होड्या-पडाव जातात, समुद्रगामी जहाज जात नाही. १८७४ साली बंदराने असा पूल कधीच होऊ दिला नसता. १९३० पर्यंत बंदराला डोलकाठीची पर्वा उरली नव्हती, तळाची होती. म्हणून शेवटची अट अशी झाली: उघडता नाही आला तरी चालेल, पण पात्रात एकही खांब नको.

या अटीतून कॅंटिलिव्हर, म्हणजे काठांवरच्या मनोऱ्यांतून भुजा पुढे काढून जोडलेला पूल, आपोआप निघाला. लंडनच्या रेंडेल, पामर अँड ट्रिटन या सल्लागारांकडचे मुख्य आरेखक वॉल्टन यांनी तो आखला. जागतिक निविदांत सर्वांत कमी दर एका जर्मन कंपनीचा आला होता, पण १९३५ सालचं राजकारण पाहता काम तिला दिलं गेलं नाही. कायद्यात त्याच वर्षी दुरुस्ती झाली आणि काम ब्रेथवेट, बर्न आणि जेसप या तीन कंपन्यांच्या एकत्रित बी.बी.जे. कंपनीकडे गेलं. पुढच्या वर्षी कुदळ पडली.

विहिरी

सगळा भार काठांवरच्या दोन मनोऱ्यांवर यायचा होता, म्हणून त्यांचे पाये अवाढव्य. प्रत्येक मनोऱ्याखाली सुमारे ५५ मीटर लांब आणि २५ मीटर रुंद अशी एक पेटी, तिच्यात २१ विहिरी, प्रत्येक विहीर सव्वासहा मीटर चौरस. विहिरीतून चिखल उपसत जायचं आणि पेटी स्वतःच्या वजनाने खाली बसत जायची. कोलकात्याच्या बाजूची पेटी ३१ मीटरहून खोल गेली, हावड्याच्या बाजूची साडेसव्वीस मीटर.

चिखलातून नांगर निघाले, तोफा निघाल्या, तोफगोळे, पितळेची भांडी, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली नाणी. आणि एका रात्री उपसा चालू असताना पेटीखालची जमीन एकदम खचली. अख्खी पेटी, हजारो टनांची, दोन फूट खाली आदळली. धक्का इतका की खिदिरपूरच्या भूकंपमापकावर भूकंप म्हणून नोंद झाली आणि काठावरचं एक देऊळ पडलं. ते नंतर पुन्हा बांधून दिलं. कोलकात्याच्या बाजूला दाबाची हवा भरून, पाणी बाहेर थोपवून मजूर आत काम करत. अशा दाबाखालून माणसाला घाईने बाहेर काढलं तर रक्तात बुडबुडे होऊन जीव जाऊ शकतो, म्हणून आत जायलाही वेळ आणि बाहेर यायलाही वेळ. या पाचेकशे माणसांची नावं कुठल्या फलकावर नाहीत.

पाये १९३८ च्या अखेरीस आटोपले. वरचं काम पाहायला सोपं, करायला कठीण. घराच्या भिंतीतून सज्जा बाहेर काढतात तशी प्रत्येक मनोऱ्यातून एक भुजा नदीवर पुढे काढायची, आणि ती पाण्यात वाकू नये म्हणून मागे काठाकडे ३२५ फुटांची दुसरी भुजा नांगरून धरायची. पुढची भुजा ४६८ फूट. दोन्ही बाजूंच्या भुजा मिळून ९३६ फूट झाले, मधले ५६४ फूट राहिले. तेही दोन्हीकडून निम्मे-निम्मे असे हवेतच पुढे सरकवत आणले. क्रेन पुलाच्या वरच्या कडेवरून सरपटत पुढे जायची आणि आपल्याच पुढ्यात पोलाद जोडत राहायची. १९४१ च्या डिसेंबरात दोन्ही अर्धी टोकं समोरासमोर आली. प्रत्येकाचं वजन दोन हजार टन. ती जुळवायला ८०० टनी सोळा हायड्रॉलिक जॅक लावले. जुळली. मुख्य सांगाडा सगळा रिव्हेटचा आहे, नटबोल्टांचा नाही.

पोलाद साडेसव्वीस हजार टन लागलं. ते इंग्लंडहून यायचं होतं, पण दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडला स्वतःलाच पोलाद पुरेना. तेवीस हजार टन ‘टिस्क्रोम’ जातीचं पोलाद जमशेदपूरहून टाटांनी दिलं. मुंबईच्या कंपनीचं बिहारात बनलेलं पोलाद, कोलकात्याच्या चार कारखान्यांत कापून-भोकं पाडून उभं राहिलेलं. एकूण खर्च अडीच कोटी रुपये.

उद्घाटन झालंच नाही

डिसेंबर १९४२ मध्ये जपानी विमानांनी कोलकात्यावर बाँब टाकले होते. अशा वेळी जगातल्या सर्वांत मोठ्या कॅंटिलिव्हर पुलांत गणना व्हावी असा पूल तयार असूनही त्याचा डंका पिटायची सोय नव्हती. फीत नाही, लाटसाहेब नाही. ३ फेब्रुवारी १९४३ ला एक एकटी ट्रॅम त्यावरून गेली आणि पूल सुरू झाला. हावड्याच्या ट्रॅमचे रूळ १९०५ पासून नदीपलीकडे वेगळेच पडले होते, ते या पुलामुळे प्रथमच कोलकात्याच्या रुळांना मिळाले.

१९४६ साली पुन्हा मोजणी झाली. दिवसाला २७,४०० वाहनं, १,२१,१०० पायी माणसं आणि २,९९७ गुरं. गुरांची संख्या एकं-दशकापर्यंत लिहिणारा कारकून मला आवडतो. पण आकड्यांतला खरा मुद्दा पायी चालणाऱ्यांचा आहे. रस्ता ७१ फुटांचा, त्याला दोन्हीकडे १५-१५ फुटांच्या पायवाटा. जुन्या सात फुटांच्या दुपटीहून जास्त. जहाजांचा विचार करता करता या आराखड्यात डोक्यावर ओझं घेऊन चालणाऱ्या हमालाची सोय कशी काय झाली, तर १९०६ च्या त्या मोजणीपासून सगळ्या समित्यांना चालणारे दिसत आले होते. मल्लिक घाटाच्या फुलबाजाराकडे झेंडूच्या माळांचे भारे घेऊन जाणारे अजून याच वाटेने जातात.

१४ जून १९६५ ला पुलाचं नाव रवींद्र सेतू झालं. कागदोपत्री. बसचा कंडक्टर हावडा ब्रिजच ओरडतो.

बंदर गेलं, पूल बंदराकडेच

१९७७ मध्ये खाली हल्दियाची गोदी सुरू झाली आणि मोठी जहाजं आणखी दूर गेली. पूल मात्र अजून बंदराच्याच अखत्यारीत आहे. रंगरंगोटी, तपासणी, दुरुस्ती सगळं त्यांच्याकडे. ज्या रस्त्यावरून रोज सुमारे लाखभर वाहनं आणि दीड लाखाहून जास्त माणसं जातात, तो रस्ता ना या महापालिकेचा, ना त्या. कोलकात्यात घर असेल तर मालमत्ता कराच्या हिशेबात ‘हावडा ब्रिज टॅक्स’ म्हणून वार्षिक मूल्याच्या अर्धा टक्का अजून लागतो. कर भरणारा शहरवासी, सांभाळणारं बंदर.

सांभाळायला कष्ट आहेत. पक्ष्यांच्या विष्ठेने पोलाद गंजतं. रस्ता वरच्या सांगाड्याला ३९ जोड लोंबत्या दांड्यांनी टांगलेला आहे आणि त्या दांड्यांच्या बुडाशी पायवाटेवरून जाणारे पान खाऊन पिचकाऱ्या मारतात. २०११ च्या तपासणीत दिसलं की बुडाशी संरक्षणाला बसवलेले पोलादी पत्रे चारच वर्षांत सहा मिलिमीटरचे तीन झाले होते. मग त्यांवर फायबरग्लासचं आवरण चढवलं. ज्या सांगाड्याला जपानी बाँब लागला नाही, त्याला चुना-कात लागला. २००५ च्या जून महिन्यात भरतीच्या वेळी एक मालवाहू जहाज पुलाखाली अडकलं आणि तीन तास तिथेच राहिलं. २९ फुटांची उंची अशी कधीतरी जाणवते.

ओझं कमी करायला १९९३ मध्ये पुलावरची ट्रॅम बंद झाली. त्याआधीच्या वर्षी, १० ऑक्टोबर १९९२ ला, थोडं खाली विद्यासागर सेतू सुरू झाला होता. कोनशिला इंदिरा गांधींनी १९७२ साली बसवली होती, म्हणजे हाही वीस वर्षांचा. त्याचा मधला गाळा ४५७ मीटर. हावडा पुलाचा १,५०० फूट. मीटर-फुटांचं रूपांतर करून पाहिलं तर दोन्ही एकच. तंत्र बदललं, केबल आल्या, पण पात्राच्या मधोमध खांब नको हा हिशेब तसाच राहिला.

१९०६ च्या यादीतल्या सहांपैकी फेरीबोटी आजही हावडा घाटावरून सुटतात. तरंगता पूल वापरून झाला. बोगद्याची पाळी मार्च २०२४ मध्ये आली. हावडा मैदान ते एस्प्लनेड मेट्रो सुरू झाली आणि नदीखालचा सुमारे ५२० मीटरचा टप्पा गाडी पाऊण मिनिटात पार करते. खांबांचा पूल मात्र हावड्यासमोर अजून कोणी बांधलेला नाही.